फुजैराबाहेर, नांगरावर

एकेचाळीसावा दिवस.
पोटात वीस लाख पिंपं,
आणि जहाज उभं, दिवस भरलेल्या बाईसारखं.

कुठं जायचं, त्या रकान्यात कप्तानानं लिहिलंय:
हुकुमाच्या प्रतीक्षेत.
हुकूम कुणाचा, ते विचारायचं नाही.
ज्याचं तेल त्याचा नाही,
ज्याला हवं त्याचाही नाही.
तिसराच कुणी, सात समुद्र पलीकडे,
आता झोपला असेल; तिथं रात्र आहे.

बोसन सुभान मुकादम दोरीवर लोंबकळत
जहाजाचं नाव खरवडतोय. वर्षातलं तिसरं.
ऊन तिरपं पडलं की
खालचं पहिलं नाव अजून दिसतं.
"बारसं म्हणायचं का तेरावं?"
खालून ओरडतो, आणि एकटाच हसतो.

किनाऱ्यावर दिवे लागतात,
आमच्यासारखीच साठ-सत्तर जहाजं
एकाच वाऱ्याकडं तोंड करून.

संध्याकाळी दाभोळहून बायकोचा फोन:
सिलिंडर आजही आला नाही,
चुलीवर भात टाकलाय,
लाकडं ओली, डोळे नुसते चुरचुरतात.

सुभान पायाखालच्या पोलादाकडं बघतो.
इकडं सगळं बरंय, म्हणतो,
आणि बोटांवरचं जुनं नाव
चमचाभर रॉकेलनं पुसत बसतो.