उपनदी, रकाना चौथा

उगमाच्या जागी करवंदीची जाळी
आणि तळाशी नुसती ओल.
लुमाण्णा म्हणाला, साहेब, हितं बसा.
बुडाला गार लागलं की तोच उगम.
मी बसलो. लिहून घेतलं.
दिवसभर विजारीला उगम चिकटलेला.

वरच्या अंगाला महाराष्ट्र,
दोन बांध उतरलं की कर्नाटक.
मधला नंबरी दगड मागच्या पुरात सुटला
तो तानूबाई पाटण्यांच्या धुण्याला लागला:
आकडा खाली, पाठ वर.
वाकळ आपटली की
दोन्हीकडच्या शिवारातली कुत्री भुंकतात.
नकाशात मी तो जुन्या जागीच दाखवला.

रकाना दुसरा, नाव.
वरच्या वाडीत : लवणाचा ओढा.
पुलाजवळ मल्लव्वा शेंगा फोडत बसलेली,
म्हणाली, हळ्ळ.
कुठलं हळ्ळ?
हळ्ळ अंद्र हळ्ळ री.
वीटभट्टीवर विचारलं, तर
कशाला पाहिजे नाव,
मोटर बंद करायला आलाय काय?

पेन्सिल कानावर ठेवून चालत राहिलो.
तोही चालत होता,
काजूच्या बागेला वळसा घालून,
शाळेच्या मुतारीमागून अंग चोरून.
भाताच्या खाचरांत शिरला नि दिसेनासा झाला.
मी तुटक रेघ ओढली.
अर्ध्या मैलावर, पडक्या विहिरीशेजारी,
काही झालंच नाही असा पुन्हा उभा.

मग रताळी.
मार्गशीर्षातली, बेळगावच्या मार्केटची घाई असलेली,
पोत्यांनी पाण्यात ओतलेली.
चार बायका, दोन पोरं, गुडघाभर उतरून
पायांनी तुडवतात, हसतात, एकमेकींना धरतात.
माती सुटते. रताळी गुलाबी होतात
आणि ओढा
कुणीतरी शिवी दिल्यासारखा लाल.

तसाच लाल तो मार्कंडेयला भेटला.
ती हिरवी, जाड, सावकाराच्या चालीची.
तिनं बघितलंही नाही.
पण काठाला धरून एक तांबडी दोरी
पुढं पुढं जात होती.

लुमाण्णानं धोतर खोचलं,
तिच्या बरोबरीनं काठावरून निघाला, पावलं मोजत.
वंदू, येरडू, मूरू...
दहाच्या पुढं मराठीत.
चाळीसला थांबला.
पाण्यात बोट बुडवून बघितलं.
हितपतोर आपला, म्हणाला.

रकाना चौथा, लांबी :
अकरा किलोमीटर, शाईनं.
खाली पेन्सिलीनं, बारीक,
हापिसात कुणी खोडलं तर खोडू दे :
आणि चाळीस पावलं.