रिकाम्याचं वजन

संध्याकाळी डबे परत येतात, नऊ.
आठांचा आवाज होतो मोरीत ठेवताना,
रिकाम्या स्टीलचा, उनाड.
नववा बोलत नाही.
झाकण काढायच्या आधीच मनगटाला कळतं :
लवंद्यांनी आज भात नुसता उकरला,
बांगड्याची एक बाजू सोलली,
दुसरी उलटलीच नाही.
सोलकढी तेवढी प्यायले.

भानुदास लवंदे, बोर्डे, डिचोली.
एकतीस वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर.
भरलेला ट्रक चढला, आकडा लिहिला.
रिकामा परतला, आकडा लिहिला.
वजाबाकी म्हणजे खनिज.
"पोटाचंही तेच गे," मला म्हणाले एकदा,
"फक्त हल्ली ट्रक भरतच नाही."

बायको गेली म्हणून, असं शेजारी सांगतात.
खोटं आहे.
ती गेली त्याला सात वर्षं झाली,
आणि तेव्हा हा माणूस तेराव्याचं खतखतं
दोनदा मागून जेवला होता, मीच वाढलं.
कारण एवढं मोठं नसतं.
कवळी सैल झाली.
रक्तदाबाच्या गोळीनं तोंडात पितळ आणलं.
मीठ कमी करा म्हणाले, मग मीठच गेलं.
एक दिवस भूक उरली
पोर्तुगीज शाळेतल्या प्रार्थनेसारखी,
सगळी पाठ,
अर्थ कुठे गेला कोण जाणे.

रविवारी शारजाहून मुलगी विचारते, पपा, जेवलात?
ते फोन जरा वर धरतात,
गालांचे खड्डे दिसू नयेत म्हणून,
आणि माझ्या डब्यातले पदार्थ
एकेक करून तिला वाचून दाखवतात.

आरोग्य केंद्रात काटा म्हणाला, त्रेचाळीस.
डॉक्टरनं भुकटीचा डबा लिहून दिला.
दुधात घालून प्यायले दोन दिवस.
"शिळ्या वाढदिवसासारखं लागतं," म्हणाले.
आणि पुढच्या महिन्यात पंचेचाळीस!
मी आनंदानं तवसाळं केलं, नऊ डब्यांत नऊ तुकडे.
त्याच्या पुढच्या महिन्यात सिस्टर पर्पेतनं
खिसे रिकामे करायला लावले.
किल्ल्यांचा जुडगा.
आणि मुठीएवढा
लोखंडी दगड, तांबडा, खाणीतला,
इतकी वर्षं खिडकीत ठेवलेला.
"ट्रकवाले पाणी मारून आणायचे मालावर," ते म्हणाले,
लाजबीज काही नाही,
"मी पहिल्या दिवशी पकडायचो.
तुम्ही महिना लावलात."

त्या दुपारी डबा मी स्वतः नेला.
माझं ताटही नेलं, फडक्याखाली.
"खा" असं म्हणायचं नाही, ठरवून गेले होते.
बाकड्यावर बसले आणि जेवायला लागले,
खरीच भूक लागली होती मला,
सकाळपासून नऊ घरांचं शिजवून.
बोटं चाटली, काटे बाजूला लावले,
आठवडी बाजारात सुंगटं काय भाव आहेत ते सांगितलं.
ते बघत राहिले.
कुणी चढावर ट्रक घालतंय
आणि तो चढतोय का, तसं.

मग बोट बुडवलं त्यांनी हुमणात. चाखलं.
"तिरफळं ठेचली नाहीस तू."

आठ महिन्यांत पहिली तक्रार.
माझे कान गरम झाले, खरं सांगते,
कारण खरंच विसरले होते,
त्या दिवशी गॅस संपला होता मध्येच.
बाकीच्या आठांतलं कुणी बोललं नाही,
ते पोटभर जेवणारे लोक.

दुसऱ्या दिवशी ठेचली. हाताला वास राहिला रात्रीपर्यंत.
संध्याकाळी डबे आले.
नववा उचलला. वजन होतंच.
भात जवळजवळ तेवढाच.
भुकटी प्यायले की नाही, ते मला कळायला मार्ग नाही.
पण मी वहीत, हिशेबाच्याच पानावर,
पैशांच्या रकान्यात चुकून लिहिलं :

लवंदे. बांगडा. दुसरी बाजू उलटली.

खाल्ली नाही.
उलटली.