टवका गेलेली कात्री

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात
वोय्कोनं माझ्या लेसच्या कात्रीनं
तांब्याची तार कापली.

इद्रियात घरोघरी बायका लेस विणतात.
इथं मीठ उसनं मिळतं, कात्री नाही.
आईनं मला फिरक्यांच्याही आधी दिलेली ती.
ह्यानं न विचारता उचलली,
गळावर माशी बांधायला,
आणि कट्.
डाव्या पात्याच्या बुडाशी
जवाएवढा टवका उडाला.

रिकामी कात्री वाजवली की भांडण होतं म्हणतात.
भरल्या कात्रीनंही होतं.
तीन दिवस मी बोलले नाही.
चौथ्या दिवशी खाणीतून आला तसाच
लुब्लियानाच्या बसकडे निघाला.
मीही गेले मागोमाग.
राग होताच,
पण दिनार माझ्या डब्यातले होते.

दुकानदारानं हिरव्या कापडावर अकरा कात्र्या मांडल्या.
वोय्कोचा हात सोनेरी मुठीकडे.
म्हटलं, मुठीनं कापणार आहेस?
एकेक मिटून दिव्यासमोर धरली:
पाती टोकाशी भेटली पाहिजेत,
मध्ये उजेडाची रेघ राहिली पाहिजे.
सबंध चिकटलेली पाती
थोड्याच दिवसांत एकमेकांना खातात.
मग त्याची बोटं घालून पाहिली.
माशी बांधणारा कात्री खाली ठेवत नाही,
ती तळहातात निजवून दोरा गुंडाळतो,
म्हणून कडी दुसऱ्या पेरापर्यंत जायला हवी,
आणि खाणीत काम करणाऱ्याची पेरं म्हणजे अक्रोड.

शेवटी माझा एक केस उपटला,
जिभेवर ओला केला,
नुसत्या टोकानं कापून पाहिला.
सात कात्र्यांनी केस दुमडला.
आठवीनं कापला.
तिच्या एका पात्याला बारीक दाते होते;
हरणाचा केस गुळगुळीत धारेवरून सटकतो,
हे तेव्हा मला माहीत नव्हतं,
दुकानदारानं सांगितलं, आणि किंमतही.

परतीच्या बसमध्ये मी पहिल्यांदा बोलले ते एवढंच:
तारेला ही लावलीस तर
पुढच्या खेपेला बोट कापीन.

खिळ्यावर रविवारी तेलाचा एक थेंब, दोन नाहीत.
एक कडी धरून उघडी सोडली
तर दुसरी निम्म्यात येऊन थांबावी,
धाडकन मिटली तर खिळा सैल,
जागची हलली नाही तर तुमचा हात दुखणार.
वार्निश चिकटलं तर त्याच रात्री स्पिरिटनं पुसायचं,
सकाळी ते शिव्यांनीही निघत नाही.
टोकांना बुचाचा तुकडा.
धार लावायची ती मातेवझकडेच,
तो आतली बाजू दगडाला लावत नाही.
आणि हातातून पडली तर पडू द्यायची,
पाय पुढे करायचा नाही.
वोय्कोनं केला होता. बूट अजून आहे.

खाण बंद झाली.
पारा मात्र हातात शिरला की राहायलाच येतो.
आता त्याच्या चिमटीत दोरा थरथरतो,
पीस तर धरताच येत नाही.
म्हणून मी बांधते.
लेसच्या उशीशेजारी त्याचा चिमटा बसवलाय.
तो खिडकीशी बसून सांगतो:
पिसाचा एक वेढा कमी कर,
शेपूट लांब झालीय.
म्हणते, ग्रेलिंगला काय कळतंय?
म्हणतो, ग्रेलिंगलाच कळतं.

पिसाला लुब्लियानाची.
तारेला आईची.
त्या टवक्यात तार नेमकी बसते,
सरकत नाही, पाहिजे तिथं तुटते.
हे मी त्याला सांगितलेलं नाही.
तो आवाज ऐकतो,
बूच हातात घेऊन बसलेला असतो,
आणि त्या एका आवाजाला
दर वेळी नदीकडे बघतो.