नऊ पौंड चाळीस

बर्नलीच्या जॉबसेंटरमध्ये तीन नंबरच्या टेबलाशी मी बसते.
समोर डॉरीन हार्गरीव्हज, शाळेच्या स्वयंपाकघरातली,
मनगटावर कस्टर्डचा वाळलेला ठिपका.

पडदा सांगतो : या महिन्याची कमाई
उंबरठ्याच्या नऊ पौंड चाळीस पेन्स खाली.
म्हणजे आता दर आठवड्याला यायचं,
जादा तास शोधल्याचे पुरावे घेऊन.

"काम तर करतेच की मी," ती म्हणते.
"बटाटे काय आपोआप सोलले जातात?"

उंबरठा. हा शब्द मी मनात मराठीत घेते
आणि दरवेळी फसते.
आमच्याकडे त्यावर तांदळाचं माप ठेवतात,
नवी सून ते पायानं लवंडते,
सांडलेलं कुणी मोजत नाही.
इथं माप भरून आणायचं,
दाणा कमी पडला तर बाहेर उभं राहायचं.

"सुट्टी होती. पोरं नाहीत तर जेवण नाही,
जेवण नाही तर तास नाहीत."
मी टाइप करते : कारण सांगितले.
रकाना तेवढाच लांब आहे.

पुढची वेळ गुरुवारी सव्वादोन.
तेव्हा ती पातेली घासत असते.
मी तीन दहा करते. माझ्या हातात
एवढंच.

संध्याकाळी बसमध्ये फोन थरथरतो.
ओजसच्या तापात माझ्या दोन पाळ्या बुडाल्या होत्या.
उद्या साडेनऊ, टेबल नंबर पाच.

तिथं कीथ बसतो.
त्याचा स्टेपलर अजून माझ्याकडेच आहे.