अठ्ठेचाळीस

खोक्यावर चित्र आहे: धूर, झेंडा, एकाचा वासलेला जबडा.
वरच्या चित्रावर विसंबू नये.
पेशंटही दारातून हसतच आत यायचे.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरलं, अडतीस वर्षं, इथे टोलमिनमध्ये.
आता दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आहे.
खुर्ची विकली, ड्रिल विकलं,
गोल आरसा, आकडी आणि दिवा तेवढे घरी आणले.
त्या दिव्याखाली आता हे येतात,
करंगळीच्या पेराएवढे, राखाडी,
प्लास्टिकच्या एकेका फांदीला बारा बारा लटकलेले.

आधी शिवण बघायची.
साच्याचे दोन अर्धे जिथे भेटतात
तिथून एक रेघ टोपीपासून टाचेपर्यंत उतरते.
चांगल्या कामात ती नखाला लागते, डोळ्याला नाही.
इथे ती नाकावरून गेली आहे.
एक गुण वजा.

मग संगीन. वाकलेली.
कढत पाण्यात बुडवून सरळ धरायची, लगेच गार पाण्यात.
होते सरळ. सकाळी पुन्हा वाकलेली.
मऊ प्लास्टिक आपलं वळण विसरत नाही,
तार काढल्याबरोबर जुन्या जागी परतणाऱ्या सुळ्यासारखं.
अर्धा गुण वजा. (रंगही धरणार नाही, पण तो दोष
साबणाने न धुणाऱ्याचा.)

आणि तोंड. ते दुसरं कुणी तपासत नाही.
अठ्ठेचाळीसपैकी वीस जण ओरडताहेत.
आरसा धरून एकेकाच्या आत पाहिलं:
एकालाही दात नाही.
नुसता टोचा मारलेला खड्डा.
हे दातओठ खाऊन धावून कसे येणार?
आणि हरलेच, तर तृण कशात धरणार?

नेझाला दात नकोत.
नेझा माझ्या भाचीची मुलगी, अकरा वर्षांची.
तिला रुंद बूड हवं,
कारण तिची लढाई जेवणाच्या टेबलावर होते
आणि फासे ती आदळते.
"हा पडतो, मातेव्झमामा. हाही पडतो.
आपोआप पडला तर मेला धरायचा का?"
नियमांच्या वहीत याचं उत्तर नाही.

माझ्या फळीवर कुणी पडत नाही, कुणी हलतही नाही.
सोचाकाठचे खडे चाळून दोन वीत डोंगर केलाय,
खाली नदी. तिचा रंग नऊदा खरवडून काढला.
काय करणार, खिडकीतून दिसते ती खरी सोचाच
कुणीतरी चुकून जास्त निळं ओतल्यासारखी आहे.

ढब क्रमांक सात. प्रत्येक फांदीवर एक, म्हणजे असे चार.
दगडावर बसलाय. एक बूट हातात, उलटा,
आतला खडा झटकतोय.
बंदूक कुठे ठेवली कुणास ठाऊक.
मी भिंग बदललं.
अनवाणी पावलाला पाच बोटं, पाचही सुटी,
अंगठा किंचित वर उचललेला, जसा
मोकळा झालेला अंगठा उचलतो.
वीस तोंडांत एक दात न कोरणारा तो कारागीर
इथे संध्याकाळभर बसला असणार.

"शून्य," नेझा म्हणाली. "हा लढत नाही. चार वाया."
खेळणाऱ्याच्या बाजूने तिचं बरोबरच आहे.
मी वहीत दोन रकाने आखले:
खेळासाठी पाच, देखाव्यासाठी आठ.
आठवर पेन जरा रेंगाळलं.

रविवारी ती आली तेव्हा फळीवरून त्याला उचलून
तिने थेट टेबलाच्या मधोमध बसवलं,
माझ्या तोफेच्या तोंडासमोर.
"नवा नियम. याचा बूट चढेपर्यंत कुणी पुढे जायचं नाही.
सहा पडला की चढला."

फासा पडला: दोन.
चार.
पुन्हा दोन.
एक, आणि तोही टेबलाखाली जाऊन.
दोन्हीकडची फौज खोळंबली.
मी आकडी घेतली आणि तोवर
माझ्या एका गोलंदाजाच्या नाकावरची शिवण
हळूहळू खरवडत बसलो.