रात्री एकची तूट

संगणकाला इंदूर दिसतं ते चौकोनांत.
तीन किलोमीटर लांब, तीन रुंद.
माझ्या चौकोनात राजवाडा, सराफा,
कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, माझी शाळा,
आत्याचं फॉल-पिकोचं दुकान,
आणि या सगळ्यांना मिळून
हवेचा एकच आकडा.

दिवसा तो बरा जुळतो.
बसगाड्या, पीथमपूरकडून येणारा धूर,
चौकीदारांच्या शेकोट्या,
यादीत असेल ते मॉडेल इमानानं उडवतं,
वाऱ्यावर घालतं, उन्हात मुरवतं.
नऊनंतर मात्र मागे पडतं.
गच्चीवरचं यंत्र चढत जातं
आणि माझी रेघ खाली, आडवी,
जेवून झोपल्यासारखी.
एक वाजता तूट सगळ्यांत मोठी.
सेंद्रिय कण: मोजलेले शहाण्णव,
माझे एक्केचाळीस.

टेंबेसर म्हणाले, गुणक वाढव.
गुणक वाढवला की दुपार बिघडते.
डोकं झाकावं तर पाय उघडे.

जानेवारीत एका रात्री
यंत्राची पेटी स्कूटरला बांधून सराफ्यात गेले.
सोन्याची शटरं खाली आलेली,
त्यांच्याच पायऱ्यांशी कढया चढलेल्या.
घनश्याम नीमा गराडू तळत होते.
एकदा तळून काढलेले,
गिऱ्हाईक आलं की पुन्हा सोडायचे,
वरून जिरावण, लिंबू.
हे तेल कितव्यांदा तापतंय, मी विचारलं.
झाऱ्यानं फेस बाजूला सारत ते हसले:
तेलाला कोण वय विचारतं?

मी विचारते. कामच ते.
कढईतून निघतं ती आधी नुसती वाफ, न दिसणारी.
चार हात वर जाऊन गारठते
आणि जो कण जवळ सापडेल त्याच्या अंगावर बसते,
काजळीच्या, धुळीच्या, कुणाच्याही.
थंडीत रात्री हवेचं झाकण खाली येतं,
शहर पातेल्याएवढं उरतं.
सकाळी ऊन लागलं की त्या कणाला प्राणवायू चिकटतो,
तो जड होतो, पिकतो.
आम्ही त्याला वय म्हणतो.
तासांत मोजतो.

पेटीवरचे आकडे धावायला लागले
तसे नीमा वाकून बघायला आले.
"भिया, अपना नाम चढ रिया हे,"
शेजारच्या जिलेबीवाल्याला सांगितलं,
मग आवाज उतरवून मला:
यादीत आलं म्हणजे उठवणार का?
एकतीस वर्षं याच पायरीवर.
बोलताना खोकला आला
तर तोंड वळवून खोकले,
कढईवर नाही.

काय सांगणार.
या शहराला घाण म्हणजे काय ते तोंडपाठ आहे,
ओल्याचा डबा वेगळा, सुक्याचा वेगळा.
वासाला अजून डबा नाही.
आणि माझ्याकडे कुणाला उठवता येत नाही,
फक्त एक ओळ खोडली की कढया शून्य होतात.
नीमा मग कुठे जातात,
त्याला रकाना नाही.
मी म्हटलं, माहीत नाही.
त्यांनी द्रोण पुढे केला. पैसे घेतले नाहीत,
म्हणून अजूनच अवघडले,
आणि सगळे संपवले.

पुढच्या आठवड्यात कढया घातल्या.
मोजून एकशे बारा,
सरासरी तेल, सरासरी आच.
रेघ उठून बसली.
एक वाजता अठ्ठ्याहत्तर.
टेंबेसरांनी चहा मागवला.

अठरा उरतात.
ते कुठून येतात, अजून कळलेलं नाही.
त्या रात्रीची ओढणी खुर्चीच्या पाठीवर तशीच आहे,
धुवायची राहिलीय.
चारच्या सुमाराला खिडकीतून तिरीप येते,
तिच्यावर पडते,
आणि खोलीभर गराडू.