वाटा

मंगळवारी सकाळची एसटी मला तोंडवळीच्या तिठ्यावर सोडते
आणि वळण घेऊन निघून जाते, जवळजवळ रिकामी.
पिशवीत चोवीस चेहरे घेऊन मी शाळेकडे चालू लागते:
हसरा, रडवा, रुसलेला, दचकलेला,
सगळे लॅमिनेट केलेले,
खाऱ्या हवेनं कडा सुटत चाललेले.

दुर्वा तांडेल, दुसरीतली,
चेहरे माझ्या हातून घेते, पालथे घालते
आणि पाठीवरच्या आकड्यांप्रमाणे लावते.
एक ते चोवीस. चूक नाही.
‘ह्याला काय झालंय गं?’ मी विचारते.
ती सतरा नंबरचा कोपरा सरळ करते.
इकडे बघ, मी म्हणते. माझ्याकडे.
ती बघते,
माझ्या कानातल्या डुलाकडे,
आणि तो हलायचा थांबला की खिडकीकडे.

वहीत मी लिहिते: नजर, दोन सेकंद.
पुढच्या मंगळवारी: नजर, दोन सेकंद.
डूल घालायला विसरले, त्या दिवशी: शून्य.

नोव्हेंबरात एकदा वर्ग अर्धा ओस.
‘रापण लागलीय,’ गुरुजी म्हणाले,
गावात साथ आल्यासारखं.

किनाऱ्यावर दोन दोऱ्या, दोन रांगा,
दूर पाण्यावर जाळ्याचा वाक.
मला वाटलं होतं, आरडाओरडा असेल.
होता नुसता श्वास,
आणि टाचा वाळूत रुतल्याचा आवाज.
मध्ये गुणाजी खवणेकर, हातात टॉवेल.
टॉवेल खांद्यावर गेला की डावी रांग सैल,
खाली झटकला की दोन्ही एकदम.
कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.
बघत होते पुढच्याच्या दंडाकडे,
दोरीवरून निथळणाऱ्या पाण्याकडे.

उजव्या रांगेत, शेवटून तिसरी, दुर्वा.
पुढचा झुकायच्या आधीच ती झुकत होती.
एकदा दोरीतला ताण गेला,
कुणाला कळायच्या आत तिनं मुठी सोडल्या.
मागचा हर्षल ओढतच राहिला
आणि बसला वाळूत, दाणकन.
ती हसली नाही. वळली. हात पुढे केला.

चोवीस कार्डांत हा हात कुठेच नव्हता.

मी चपला काढल्या, तिच्या मागे दोरी धरली.
‘तोंड कित्याक बघतास बाई? हात बघा!’
गुणाजींचा सकाळभरातला एकुलता एक ओरडा,
तो माझ्या वाट्याला.

मग झेंड्याची जुनी दोरी आली वर्गात.
मी शिकवत होते की शिकत होते, वहीत नोंद नाही.
तिचा डावा तळवा कानावर: आवाज फार होतोय.
मनगट दोनदा फिरलं: मला थोडं बाहेर जाऊ दे.
हे तिला येतच होतं. आम्हांला येत नव्हतं.
हर्षलनं आधी नक्कल केली, महिनाभर, खदाखदा हसत.
आणि जानेवारीत, साहेबांचं भाषण रंगात आलेलं,
तिचा तळवा कानाकडे निघाला,
तसा तो उठला
आणि स्पीकरचा कान पिळून आला.
साहेब तसेच बोलत राहिले, पुष्कळ वेळ, हळू आवाजात.

सांगायचं राहिलंच.
रापणीच्या त्या दिवशी वाळूवर मासळीचे ढीग पडले,
कुणीतरी म्हणालं, पोर आहे, तिला कशाला.
गुणाजींनी टॉवेल पिळला.
‘चेडवान दोरी वढल्यान. तेका वाटो व्हयो.’
अकरा बांगडे.
तिनं मोजले, शेपट्या एका रेषेत आणल्या,
मग त्यातला एक उचलून माझ्यासमोर धरला,
तोंड समुद्राकडे.

‘माझ्याकडे बघून दे’
अगदी दातांपर्यंत आलं होतं.
गिळलं.
दोन्ही हात पुढे केले.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं
माझ्या पिशवीकडे बघून नाक मुरडलं.
नऊ नंबर.